थोडंफार

लेकाची हर्ली, म्हणजे हर्लिंग या आयरिश खेळातली लाकडी काठी, तुटली तो फेब्रुवारीतला शनिवार होता. मैदानावर इतका चिखल, की मुलांचे बूट पावलागणिक चपक-चपक वाजत होते. कुंपणाशी आम्ही आया खिशात हात खुपसून उभ्या होतो. दोन पोरं एकाच चेंडूवर धावली, काठीवर काठी आदळली आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो रडला नाही. ओठ घट्ट मिटून, काठी दोन्ही हातांवर आडवी धरून माझ्याकडे आला. पुढच्या चपट्या पात्याला कडेपासून आतपर्यंत चीर गेली होती. शेजारच्या बाईंनी मैदानाच्या टोकाच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवलं. "तिकडे ने. ते करून देतील."

शेडमध्ये ऐंशीच्या घरातले एक आजोबा लाकडी ठोकळ्यावर बसले होते. पायाशी अ‍ॅशच्या लाकडाचे पांढरट छिलके पडलेले आणि ताज्या लाकडाचा किंचित गोडसर वास. त्यांनी काठी हातात घेतली आणि आधी चिरेवरून अंगठा फिरवला, आई तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवते तसा. पत्र्याची बोटभर रुंदीची पट्टी कापली, पात्याच्या टोकाभोवती ओढून घट्ट बसवली आणि तिचं एक टोक लेकाला धरायला सांगितलं. बारीक चुका त्यांनी ओठांत धरल्या होत्या. तासगावला बसस्टँडजवळ चपला दुरुस्त करणारे काका असेच ओठांत चुका धरायचे, त्यामुळे मला एकदम घरच्यासारखं वाटलं आणि मी विचारून गेले, "तुम्ही स्वतः खेळायचात का?" त्यांनी मान वर केली नाही. चुकांच्या फटीतून म्हणाले, "थोडंफार." टक, टक, टक. पैसे विचारले तर नुसता हात हलवला.

पुढच्या शनिवारी मुलांच्या प्रशिक्षकांनी सहज बोलता बोलता सांगितलं, की ते आजोबा तीन वर्षं किल्केनीच्या, म्हणजे आयर्लंडमधल्या आमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) संघातून खेळले आहेत. काळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांची ती जर्सी. ज्या गावात न्हाव्याच्या दुकानात, औषधाच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर फक्त हर्लिंगचं बोलणं चालतं, तिथे ती जर्सी अंगावर चढवणं म्हणजे काय, हे इथे सहा वर्षं राहून मलाही कळतं. आणि त्या माणसानं मला सांगितलं काय, तर थोडंफार.

तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना.

महिनाभरानं मी त्यांना सरळ विचारलंच. तोवर आमची ओळख झाली होती, लेकाची हर्ली आणखी एकदा त्यांच्या ठोकळ्यावर जाऊन आली होती. ते म्हणाले, "टुलारोनच्या लोरी मारनंतर या काउंटीत कुणी 'मी खेळलो' म्हणायचं म्हणजे जरा जपूनच." लेक खुदकन हसला. "आई, लोरी मार! कुणाला मार?" त्या आडनावात लिहिताना ग आणि ह येतात, पण बोलताना ते गिळून टाकतात आणि उरतो निव्वळ मार. मराठी कानाला तो शब्द जसा लागतो तसा इथल्या कुणाला लागणार नाही. मी आजोबांना अर्थ समजावून सांगितला, तर त्यांनी तो दोनदा स्वतःशी पुटपुटून पाहिला आणि म्हणाले, "बरोबर नाव आहे मग." त्यांच्या वडिलांनी लोरीला १९३५ साली डब्लिनला अंतिम सामन्यात खेळताना पाहिलं होतं. त्या दिवशी इतका पाऊस होता, की वडिलांचा लोकरी कोट तीन दिवस चुलीपुढे टांगूनही वाळला नव्हता. सामन्याचं वर्णन वडील फार करत नसत. कोटाचं करायचे.

मे महिन्यात आम्ही टुलारोनला गेलो. किल्केनी शहरापासून पश्चिमेला, टिपररीच्या हद्दीकडे, दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडं असलेल्या अरुंद रस्त्यानं. लोरीचं घर आता संग्रहालय आहे. गवतानं शाकारलेलं लांबट दुमजली शेतघर, खिडक्या लहान, भिंती जाड. त्या छपराकडे बघताना मला कोकणातली पेंढ्यानं शाकारलेली घरं आठवली. जुन्या हर्ली आजच्यापेक्षा अरुंद पात्याच्या असायच्या. चेंडू उचलून हातात घेण्यापेक्षा जमिनीवरच, धावता धावता हाणायचा तो काळ. अ‍ॅशच्या झाडाचा बुंधा जिथे मुळाकडे वळतो, तिथून ही काठी कापतात. लाकडाची रेषही त्या वळणाबरोबर वळते, म्हणून पातं एवढे आघात सोसतं. आयरिश भाषेत या काठीला 'कमॉन' म्हणतात, मुळात 'कम' म्हणजे वाकडं. आपली कमान कुठल्या कुठे, फारसीतून आलेली, पण लेकाला मी कमान म्हणूनच सांगितलं आणि त्याच्या ते चटकन लक्षात राहिलं. आजोबांना सध्या या झाडांचीच काळजी लागलेली असते. २०१२ साली इथे अ‍ॅशवर बुरशीचा रोग आढळला आणि तेव्हापासून झाडं शेंड्याकडून वाळत चालली आहेत. बाहेरच्या देशांतून लाकूड येतं, बांबूच्याही काठ्या निघाल्यात. त्या ते हातात घेऊन बघतात आणि काही न बोलता परत देतात.

लोरेन्झो इग्नेशियस मार याचा जन्म १८९९चा. ज्या घरात जन्मला त्या घरात हर्लिंग आधीच होतं. १८८४ साली थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात आयरिश खेळांची जी संघटना स्थापन झाली, त्या बैठकीला त्याचे वडील हजर होते असं सांगतात. किल्केनीनं पहिलं अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवलं ते १९०४ सालचं, म्हणजे साल १९०४, पण अंतिम सामना खेळायला उजाडलं १९०६, आणि त्या संघाचा कर्णधारही टुलारोनचा, जेर डोहनी. लोरी तेव्हा सहा वर्षांचा. गावातल्या पोरानं त्या वयात हे ऐकलं, की त्याच्या हातातल्या काठीचं काय होत असेल, ते मी रोज घरी बघते आहे.

त्याचे भाऊ विली आणि हेन्री हेही किल्केनीकडून खेळले. लोरी मोठ्या संघात आला तो १९२४ साली. देश स्वातंत्र्ययुद्धातून आणि त्यापाठच्या यादवीतून नुकता बाहेर पडलेला. किल्केनीचं १९२२चं विजेतेपद होतं, पण नंतरची दहा वर्षं कोरडी गेली, आणि लोरीचा ऐन उमेदीचा काळ त्याच दहा वर्षांत आला. १९२६चा अंतिम सामना कॉर्ककडून हरले. त्याच साली ऑगस्टमध्ये किल्केनी आणि गॉलवे यांच्या उपांत्य सामन्याचं डब्लिनच्या रेडिओवरून धावतं वर्णन झालं. युरोपातलं मैदानी खेळाचं ते पहिलं थेट प्रक्षेपण असं अभिमानानं सांगितलं जातं. माझं मन तिथेच घुटमळतं. मैदानाबाहेरच्या माणसाच्या कानात नावं जाऊन पोहोचू लागली, घराघरात ओळखीची होऊ लागली, ते नेमकं त्याच वर्षी. आणि त्याच काळात हा एक माणूस, ज्याला आपलं नाव कुणाच्या तोंडी आलेलं सोसत नव्हतं.

मग आलं १९३१. या एका सालाबद्दल इथली म्हातारी माणसं अजून आवाज खाली आणून बोलतात. अंतिम सामना पुन्हा कॉर्कशीच. हर्लिंगमध्ये आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण, आणि दांडीवरून गेला तर एक. गुणफलक म्हणून जोडीनं लिहितात, आधी गोल, मग गुण. सहा सप्टेंबरला दोन्ही संघ १-६ असे बरोबरीत सुटले. कॉर्कच्या युडी कॉफलननं शेवटाकडे बरोबरीचा गुण मारला तो म्हणे गुडघ्यांवर पडलेल्या अवस्थेत. पाच आठवड्यांनी पुन्हा सामना, पुन्हा बरोबरी, २-५. मोसम संपत आलेला, अंधार लवकर पडू लागलेला, आणि या दुसऱ्या सामन्यात लोरीच्या बरगड्या मोडल्या.

एक नोव्हेंबरला तिसरा सामना झाला. लोरी मैदानाबाहेर होता.

सांगतात, की तो कडेला बसून रडत होता. कॉर्कनं ५-८ विरुद्ध ३-४ असा तो सामना घेतला. हा प्रसंग मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला जिंकण्याहरण्याचं काही वाटलं नाही. मनात आलं ते त्या बसण्याचं. स्वतःबद्दल बोलायचं टाळणारा माणूस एवढ्या हजारो लोकांसमोर रडतो, म्हणजे त्याला लाज वाटायची ती स्तुतीची असली पाहिजे. खेळावरच्या जिवाची त्याला कधी लाज वाटली नाही. दोन्ही एकाच माणसात कशी राहतात, याचा मी अजून विचार करते.

पुढची दोन वर्षं किल्केनीची होती. १९३२ला क्लेअरला हरवलं, १९३३ला लिमरिकला. पण लोरीचं नाव निघालं की लोक पोहोचतात ते १९३५ला, आजोबांच्या वडिलांच्या ओल्या कोटापाशी. लोरी छत्तिशीला टेकलेला आणि संघाचा कर्णधार. समोर लिमरिक, मिक मॅकीचं लिमरिक, त्या दशकातला सगळ्यांत धसमुसळा, सगळ्यांत देखणा संघ. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर पंचेचाळीस हजारांहून जास्त माणसं आणि वरून संततधार. चामड्याचा चेंडू भिजून जड झालेला, हातात काठी ठरत नाही. अशा दिवशी मध्यभागी लोरी उभा राहिला आणि जमिनीवरून चेंडू हाणत राहिला, डावीकडून, उजवीकडून, कोरड्या मैदानावर खेळावा तसा. म्हातारे सांगतात, की चेंडू त्याच्याकडे चालत यायचा. शेवटच्या क्षणांत लिमरिकला मोकळा फटका मिळाला होता, मॅकीनं तो घेतला, पण बरोबरी साधली नाही. २-५ विरुद्ध २-४. एका गुणानं. त्या वर्षांत ब्रिटननं आयरिश गुरांवर जबर कर लावला होता, शेतकऱ्यांची वासरं मातीमोल जात होती, आणि मैदानातले बरेचसे खेळाडू आणि बाहेरचे बरेचसे प्रेक्षक शेतकरीच होते. या खेळात तेव्हा पैसे मिळत नव्हते, आजही मिळत नाहीत. रविवारी भिजायचं, सोमवारी गोठ्यात जायचं.

दुसऱ्या वर्षी लिमरिकनं पुरेपूर वचपा काढला आणि लोरीची कारकीर्द तिथेच संपली. तो टुलारोनला शेतावर राहिला. लग्न केलं नाही. डब्लिनहून वार्ताहर यायचे, त्यांना तो भेटत नसे. एक गोष्ट इथे प्रत्येकाला पाठ आहे. शहरातला एक पत्रकार त्याला शोधत टुलारोनला आला आणि रस्त्यात भेटलेल्या माणसाला त्यानं विचारलं, लोरी मार कुठे भेटेल? तो माणूस म्हणाला, "आत्ताच या वाटेनं पुढे गेला बघा. घाई केलीत तर गाठाल." पत्रकार धावला. सांगणारा अर्थात लोरी होता. १९७३ला तो गेला. सन २००० मध्ये सहस्रकाचा हर्लिंग संघ निवडला गेला, तेव्हा मध्यभागी जॅक लिंचच्या जोडीला त्याचंच नाव आलं. लिंच खेळ सोडल्यावर देशाचा पंतप्रधान झालेला. २००९पासून लोरीच्या नावानं एक चषक दिला जातो, आणि तो आहे हर्लिंगमधल्या सगळ्यांत दुबळ्या काउंट्यांसाठी. जिथे गेलिक फुटबॉलच चालतो, जिथे पंधरा जण गोळा करतानाही दमछाक होते, तिथली पोरं लोरी मार चषकासाठी घाम गाळतात. मला याचं आधी वाईट वाटलं होतं. एवढ्या मोठ्या खेळाडूचं नाव शेवटच्या पायरीवर का? आता वाटतं, त्याला हीच पायरी आवडली असती. तिथे कॅमेरे कमी असतात.

त्या पत्रकाराच्या गोष्टीवर सगळे प्रेमानं हसतात, मीही हसले. मग टुलारोनहून परतताना गाडीत अचानक मला आईचा आवाज ऐकू आला.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. तासगावला कुणाच्या तरी लग्नात, पंगत बसलेली, आणि हिरव्या कांजीवरममधल्या एका अनोळखी बाईंनी आईचा हात धरला. "अगं, तूच ना ती? आमच्या शाळेविरुद्ध अख्खा डाव नाबाद पळालीस. आमच्या सरांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला तुझं नाव घेऊन घेऊन पळवलं." आई लाजली. म्हणाली, "सगळ्याच खेळायच्या हो शाळेत. मीही थोडंफार." आणि हातातलं मठ्ठ्याचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेली. मी मागून विचारलं, "आई, काय खेळायचीस?" तर म्हणाली, "खो-खो. पानात काय हवंय तुला?" विषय संपला. दहावी झाली, लग्न झालं, खो-खो संपला, असा तिचा सगळा हिशेब. आम्ही भावंडांनी पुन्हा विचारलं नाही. बाबांनी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

एवढंच होतं, की आमच्या पडवीतल्या सागवानी खांबावर एका ठरावीक उंचीला लाकूड गुळगुळीत झालेलं होतं. स्वयंपाकघरातून अंगणात घाईनं जाताना आई त्या खांबाला डाव्या हातानं धरून वळसा घ्यायची. आम्ही चालत वळायचो, ती फिरकी घेऊन वळायची. शिट्टी झाली, दूध उतू चाललं, पाऊस आला आणि वाळवण बाहेर आहे, की आई खांबाला हात लावून गेलीच. दर दिवाळीला खांबाला पॉलिश व्हायचं आणि दर संक्रांतीपर्यंत ती जागा पुन्हा उघडी पडायची.

लोरीचं न बोलणं आणि आईचं न बोलणं मी त्या गाडीत पहिल्यांदा शेजारी ठेवून पाहिलं आणि मला सुन्न व्हायला झालं. दोघांचा शब्द एकच, थोडंफार. पण लोरीला लपता आलं, कारण अख्खी काउंटी त्याला शोधत होती. त्यानं "पुढे गेला" म्हणून वाट दाखवली, ती वाटेवर कुणीतरी आलं होतं म्हणून. आईच्या वाटेवर कोण आलं? त्या हिरव्या साडीवाल्या बाई, एकदा, पंगतीत. आईच्या साधेपणाचं आम्ही आयुष्यभर कौतुक करत आलो, तिच्या तोंडावर, पाहुण्यांसमोर. 'आमची आई कधी स्वतःचं सांगायची नाही.' आता त्या कौतुकाचा मला राग येतो आणि तो माझ्यावरच येतो. न विचारलेल्या माणसाच्या गप्प बसण्याला आम्ही स्वभाव म्हणत राहिलो. आणि तरी खात्रीनं हेही सांगता येत नाही, की तिला बोलायचं होतं. कदाचित लोरीसारखंच तिलाही ते आपलं आपल्यापाशी ठेवायचं असेल. शेडमधल्या आजोबांना मी दोनदा विचारलं. आईला पस्तीस वर्षांत एकदा.

त्या रविवारी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ, आई पडवीत लसूण सोलत बसलेली. लेकानं तिला पट्टी मारलेली हर्ली दाखवली, लोरी मारचं नाव सांगितलं, ती हसली. मग मी विचारलं. आई, खो-खोमध्ये तू खांब कसा घ्यायचीस?

"काय गं हे मधेच?"

"सांग ना."

ती जरा वेळ गप्प होती. लसणाची पाकळी दोन बोटांत तशीच. मग म्हणाली, "पोरी हात वर धरायच्या. सगळ्या तीच चूक करायच्या. हात वर धरला की अंग मागे राहतं, मागची पोर खो घेऊन पाठीवर येते. हात खाली धरायचा, कमरेच्या जरासा वर, आणि पाय आधी टाकायचा नाही. आधी मान वळवायची. मान वळली की अंग आपोआप..." ती थांबली. "असं सांगून नाही कळायचं. गुडघे दुखतात आता. थांब, थांब जरा."

परात बाजूला सरकवल्याचा आवाज आला. फोन तिनं चौरंगावर उताणा ठेवला. आम्हा दोघांना आढ्याचे वासे आणि संथ फिरणारा पंखा तेवढा दिसत होता. लेक म्हणाला, "आजी कुठे गेली?" मी त्याला गप्प केलं. फरशीवर अनवाणी पावलं ऐकू आली, आधी सावकाश, मग चार-पाच भराभर, आणि मग खांबावर हाताचा तळवा बसल्याचा आवाज.